इंडिकेटर बिघडला? फ्लॅशर विकत घेण्याआधी एवढं तपासा

मुंबईत पहिला मोठा पाऊस पडून गेला की आठवड्याभरात ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग लागते. कुणाचा वायपर चालत नाही, कुणाचा हॉर्न अडकलाय, आणि बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: डावीकडचा इंडिकेटर टाकला की टिकटिक एकदम पळायला लागते, नाहीतर काहीच होत नाही. दुकानातलं उत्तरही बहुतेक ठरलेलं. "फ्लॅशर गेलाय साहेब, बदलावा लागेल." कधीकधी तो, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा छोटा भाग, खरंच गेलेला असतो. पण एका बाजूचा इंडिकेटर बिघडलाय आणि दुसऱ्या बाजूचा ठणठणीत चालतोय, अशा गाडीत फ्लॅशरवर बोट ठेवणं चुकीचं आहे. दोन्ही बाजू तोच एक फ्लॅशर चालवतो. उजवीकडे तो व्यवस्थित काम करत असेल तर डावीकडे आल्यावर अचानक मरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंडिकेटरच्या बाबतीत आधी बघायचं, मग मोजायचं आणि सगळ्यात शेवटी विकत घ्यायचं. खाऱ्या हवेच्या आणि चार महिने पावसाच्या या शहरात भाग खराब होण्यापेक्षा जोड खराब होण्याचं प्रमाण जास्त आहे. होल्डरमधला गंज, कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये) शिरलेलं पाणी, सुटलेलं अर्थिंग. हे तिन्ही दुरुस्त करायला फारसे पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. म्हणूनच दुकानात त्यांच्या वाटेला कुणी जात नाही.

करंट कुठून कुठे जातो

बॅटरीतून करंट फ्यूजमध्ये येतो, तिथून हॅझर्ड स्विच (चारही इंडिकेटर एकदम लावणारं बटण) आणि फ्लॅशर, मग स्टिअरिंगखालची लिव्हर म्हणजे कॉम्बिनेशन स्विच. लिव्हर डावीकडे असेल तर डाव्या बाजूच्या दिव्यांना, उजवीकडे असेल तर उजव्या बाजूच्या. दिव्यातून निघालेला करंट अर्थच्या वायरने गाडीच्या पत्र्यावर उतरतो आणि पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. हा परतीचा रस्ता लोक विसरतात, आणि मुंबईतले निम्मे घोटाळे त्याच रस्त्यावर असतात.

थोडा हिशेब करू, पुढे उपयोगी पडेल. पुढचा आणि मागचा बल्ब प्रत्येकी २१ वॅटचा, फेंडरवरचा, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावरचा, छोटा ५ वॅटचा. एका बाजूचे झाले ४७ वॅट. १२ व्होल्टवर म्हणजे साधारण ४ अँपिअर. त्यातला एक २१ वॅटचा बल्ब गेला की करंट सव्वादोनच्या आसपास उतरतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला हा फरक कळतो आणि तो मुद्दाम वेग जवळपास दुप्पट करतो, चालकाला समजावं म्हणून. म्हणजे जलद टिकटिक हा बिघाड नाही, बिघाडाची सूचना आहे. फ्लॅशर नीट काम करतोय याचा तो पुरावाच. असा फ्लॅशर बदलणं म्हणजे ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फोडणं.

प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यातल्या गाड्यांत तापून वाकणाऱ्या धातूच्या पट्टीचा फ्लॅशर असायचा. त्यात उलटं व्हायचं: बल्ब गेला की पट्टी पुरेशी तापत नसे, दिवा संथ लुकलुके किंवा नुसताच पेटून राही. तुमच्याकडे हौसेने सांभाळलेली जुनी गाडी असेल तर हे लक्षात ठेवा.

पहिली पायरी: काहीही न उघडता बघा

गाडी भिंतीसमोर लावा. सोसायटीच्या पोडियमवर किंवा बेसमेंटमध्ये संध्याकाळी उत्तम, कारण दिव्याचा उजेड भिंतीवर दिसतो आणि मदतीला माणूस लागत नाही. इंजिन बंद, इग्निशन ऑन. डावा इंडिकेटर टाकून गाडीभोवती पूर्ण फेरी मारा. मग उजवा. मग हॅझर्ड, ज्याला आपल्याकडे बरेच जण पार्किंग लाइट म्हणतात. कुठला दिवा लागला, कुठला मंद आहे, कुठला नाही, वेग किती, हे कागदावर लिहा. आठवणीवर विसंबू नका, तिसऱ्या फेरीला डावं-उजवं हमखास उलटंपालटं होतं. फेंडरवरचा किंवा आरशातला छोटा दिवाही बघा. तो ५ वॅटचाच असल्याने गेला तरी बहुतेक गाड्यांत टिकटिकचा वेग बदलत नाही, आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आता त्या कागदावरून काय निघतं ते पाहू.

एक दिवा बंद आणि त्या बाजूची टिकटिक जलद, तर बल्ब, होल्डर किंवा त्या एका दिव्याचं अर्थिंग. नव्वद टक्के वाचकांचं काम इथेच संपेल.

एका बाजूचे सगळे दिवे बंद असतील तर हॅझर्ड लावून बघा. हॅझर्डवर त्या बाजूचे दिवे लागतात पण लिव्हरने लागत नाहीत, तर दोष कॉम्बिनेशन स्विचमध्ये आहे. हॅझर्डवरही लागत नसतील तर त्या बाजूची वायर किंवा कपलर.

लिव्हरने दोन्ही बाजू बंद, पण हॅझर्ड व्यवस्थित: बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरला इग्निशननंतरचा करंट वेगळ्या फ्यूजमधून मिळतो आणि हॅझर्डला थेट बॅटरीचा. म्हणून आधी इंडिकेटरचा फ्यूज बघा. तो शाबूत असेल तर हॅझर्डच्या बटणावर संशय घ्या. कित्येक गाड्यांत इंडिकेटरचा करंट याच बटणातून जातो, आणि बटण महिनोन्‌महिने वापरलं नाही की आतला संपर्क काळवंडतो. दहा-पंधरा वेळा बटण दाबा-सोडा. हसू नका, बऱ्याचदा इंडिकेटर एवढ्यानेच जिवंत होतो. तो तात्पुरता इलाज आहे, पण दोष कुठे आहे ते पक्कं कळलं.

इंडिकेटर चालतात पण हॅझर्ड नाही: हॅझर्डचा फ्यूज किंवा तेच बटण.

दिवे पेटतात पण लुकलुकत नाहीत, किंवा दोन्ही बाजूंना वेग वेडावाकडा आहे: आता कुठे फ्लॅशरचं नाव घ्यायला हरकत नाही.

आणि एक खास लक्षण. इंडिकेटर टाकला की त्याच तालावर टेललॅम्पही मंद-तेज होतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटरचा दिवा मंद पेटतो. असं काही विचित्र दिसलं की शंभरातल्या पंच्याण्णव वेळा अर्थ गेलेला असतो. करंटला पत्र्यावर उतरायला रस्ता नाही म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा वाट काढतो. यासाठी बल्ब बदलत बसू नका.

हत्यारं

मल्टिमीटर हवा. लॅमिंग्टन रोडला काहीशे रुपयांत कामचलाऊ मिळतो आणि गाडीसाठी तेवढा पुरतो. त्याच्याबरोबर टेस्ट लॅम्प घ्या: टोकदार पिन, आत १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि पत्र्याला लावायची एक क्लिप. इंडिकेटरच्या कामात मला मल्टिमीटरपेक्षा टेस्ट लॅम्प जास्त आवडतो. इंडिकेटरचा करंट सतत चालू-बंद होतो, त्यामुळे डिजिटल मीटरवर आकडे नाचत राहतात आणि नवख्याला काही समजत नाही. टेस्ट लॅम्प सरळ लुकलुकतो. शिवाय तो थोडा करंट खेचतो, त्यामुळे एकाच तारेवर तग धरून असलेली वायर मीटरवर १२ व्होल्ट दाखवत असली तरी इथे उघडी पडते. एअरबॅगच्या वायरिंगला मात्र, म्हणजे पिवळ्या कपलर्सना, टेस्ट लॅम्प कधीही लावायचा नाही.

बाकी पेचकस, दहा नंबरचा पाना, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, डायइलेक्ट्रिक ग्रीस, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी), दोन-चार फ्यूज. डब्ल्यूडी-४० घरात असतोच, तो पाणी हुसकायला चांगला, पण संपर्क स्वच्छ करायला आणि टिकवायला वेगळा कॉन्टॅक्ट क्लीनरच घ्या.

बल्ब

मागच्या दिव्याचा बल्ब बहुतेक हॅचबॅकमध्ये डिकी उघडून दोन स्क्रू काढले की हाताशी येतो. दिवा सरळ मागे ओढायचा, वाकडा ओढला तर प्लॅस्टिकच्या खुंट्या तुटतात. काही सेडानमध्ये डिकीच्या आतलं अस्तर बाजूला करून नट काढावे लागतात. पुढचा बल्ब बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागून निघतो. काही गाड्यांत तिथे हात जातच नाही, मग बंपर सैल करावा लागतो किंवा चाकाच्या आतलं प्लॅस्टिक उघडावं लागतं. फेंडरवरचा छोटा दिवा एका दिशेला सरकवला की सुटतो. कुठली दिशा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. अंदाजाने पेचकस घातला तर रंग उडालाच समजा.

होल्डर फिरवून बाहेर काढा. बल्ब दाबून डावीकडे फिरवला की निघतो. काचेच्या सपाट बुडाचा असेल तर सरळ ओढायचा. फिलामेंट तुटलं असेल तर उजेडात दिसतं. पण दिसलं नाही म्हणून बल्ब चांगला ठरत नाही. मीटर ओहमवर ठेवून मोजा: २१ वॅटचा थंड बल्ब एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर गेला. मीटर नसेल तर दुसऱ्या बाजूचा चालू बल्ब इथे लावून बघा. चालू बल्बही इथे लागला नाही, तर बल्बवर खर्च करू नका, पुढच्या भागाकडे वळा.

नवा बल्ब घेताना जुना सोबत न्या. पिवळ्या काचेचा बल्ब पीवाय-२१-डब्ल्यू, पांढऱ्या काचेचा पी-२१-डब्ल्यू. दिव्याची बाहेरची काच पारदर्शक असेल तर बल्ब पिवळा लागतो. काच स्वतःच पिवळी असेल तर पांढरा. दोघांच्या पिना मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत: पांढऱ्याच्या अगदी समोरासमोर, पिवळ्याच्या थोड्या तिरक्या, म्हणजे चुकीचा बल्ब बसूच नये. तरी जोर लावून बसवणारे महाभाग आहेत. ब्रेकसाठीचा दोन फिलामेंटचा बल्ब वेगळाच, त्याच्या बुडाला दोन टिकल्या असतात. आणि पारदर्शक काचेच्या दिव्यात पांढरा बल्ब घालू नका. इंडिकेटर पिवळाच हवा, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांची तशी अट आहे. पिवळ्या बल्बचा रंग जुना होऊन पापुद्र्यासारखा निघत असेल तर तो चालू असला तरी बदला.

अगदी स्वस्त, बिननावाच्या बल्बवर २१ वॅट छापलेलं असतं, पण आतला माल कमी-जास्त असतो. कमी वॅटचा निघाला तर दिवा पेटूनही टिकटिक जलदच राहते आणि माणूस चक्रावतो. जास्त वॅटचा निघाला तर होल्डरचं प्लॅस्टिक वितळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसच्या पार्ट्सच्या दुकानांत नामांकित कंपनीचा बल्बही तसा महाग नसतो. इथे चार पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

होल्डर आणि अर्थ: मुंबईचा खरा रोग

रिकाम्या होल्डरमध्ये टॉर्च मारून बघा. हिरवट-पांढरी पूड दिसली तर तो तांब्या-पितळेवर चढलेला गंज. वरळी, दादर, वर्सोवा, जुहू अशा किनाऱ्याजवळच्या भागांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तो लवकर येतो, कारण हवेतला क्षार ओलावा धरून ठेवतो. काळा, जळका डाग असेल तर संपर्क ढिला होऊन तिथे ठिणग्या पडल्या आहेत. होल्डरची जीभ दबून गेली असेल तर ती बारीक पेचकसाने अलगद वर उचला. हे सगळं फ्यूज काढून, म्हणजे करंट नसताना.

साफसफाई अशी. आधी कोरड्या टूथब्रशने पूड काढा. मग पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी करून धातू चमकेपर्यंत घासा. मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाच-दहा मिनिटं सुकू द्या. बल्बच्या बुडाची टिकलीही घासा. शेवटी संपर्कावर ग्रीसचा अगदी पातळ हात, थापायचं नाही. होल्डरच्या मागच्या कपलरचंही हेच करा, कारण पाणी वायरच्या कडेने तिथेच उतरतं. होल्डर वितळला असेल तर घासत बसू नका, वायरसकट नवा होल्डर मिळतो.

आता अर्थ मोजायचा. मागच्या दिव्यात इंडिकेटर, टेललॅम्प आणि ब्रेकलाइट यांचा अर्थ साधारणपणे एकत्रच असतो. याचा फायदा घ्या: इंडिकेटरऐवजी टेललॅम्प आणि ब्रेक लावून ठेवा, म्हणजे आकडा स्थिर मिळेल. ब्रेक दाबून ठेवायला घरातलं कुणी बसवा, नाहीतर पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडाची पट्टी अडकवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन डिकीतल्या एखाद्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टवर, लाल पिन होल्डरच्या अर्थच्या धातूवर. दिवे पेटलेले असताना ०.१ ते ०.२ व्होल्ट आला तर अर्थ चांगला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर रस्ता अडलाय. दीड-दोन व्होल्ट म्हणजे जवळजवळ तुटलाच. दिवे बंद ठेवून ही मोजणी करू नका. करंट वाहत नसेल तर सडलेला अर्थही शून्यच दाखवतो.

अर्थची वायर शोधायला ती होल्डरपासून मागे जात बघा. बहुतेक वेळा काळी असते आणि डिकीच्या कडेला पत्र्याला बोल्टने बसवलेली असते. बोल्ट काढा, थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) आणि पत्रा दोन्ही चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस, मग बोल्ट असं नाही. शंका उरली तर तात्पुरती एक वायर होल्डरच्या अर्थपासून चांगल्या बोल्टपर्यंत जोडून बघा. दिवा लख्ख झाला की निदान पक्कं.

पाणी आलं कुठून हेही शोधा, नाहीतर पुढच्या पावसात परत हेच. टेललॅम्पच्या मागच्या रबरी गॅस्केटचा चपटा झालेला भाग, काचेला गेलेला केसाएवढा तडा, आणि बंपरला कुणीतरी घासून गेल्यावर निसटलेली खुंटी, हे नेहमीचे संशयित. बऱ्याच दिव्यांना खाली एक बारीक निचऱ्याचं भोक असतं. ते चिखलाने बुजलेलं असेल तर मोकळं करा. पाणी बाहेर येतं म्हणून त्यावर सिलिकॉन थापणारे लोक आहेत. त्यामुळे आत गेलेलं पाणी आतच राहतं. सकाळी काचेवर हलकं धुकं दिसून दुपारी जात असेल तर त्याची काळजी नको, पण पाण्याचा साठा हलताना दिसत असेल तर दिवा उघडायलाच हवा.

हिंदमाता, मिलन सबवे किंवा किंग्ज सर्कलच्या पाण्यात गाडी उभी राहिली असेल आणि पाणी दिव्यांच्या उंचीपर्यंत आलं असेल, तर गाडी बाहेर काढल्यावर इंडिकेटर "चालतोय का बघू" म्हणून लावू नका. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कपलर उघडून वाळवा, मग बघा. ओल्या कपलरमधून करंट सोडला की गंज लागायला महिने लागत नाहीत, काही दिवस पुरतात.

फ्यूज

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. इंडिकेटर आणि हॅझर्डचे फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचे: १० चा लाल, १५ चा निळा. फ्यूज जागेवर ठेवूनच त्याच्या वरच्या दोन उघड्या टिकल्यांना टेस्ट लॅम्प लावा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला, एकीकडेच पेटला तर उडालेला, कुठेच पेटला नाही तर मागूनच करंट नाही.

उडालेला फ्यूज एकदा बदलावा. पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणं म्हणजे आगीला बोलावणं. मी हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. फ्यूज उडाला नाही तर वायर तापते, आणि ती वायर तुमच्या डॅशबोर्डमागे कापसाच्या नि फोमच्या शेजारून गेलेली असते.

शॉर्ट शोधायची जुनी, छान युक्ती आहे. फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब वायर लावून जोडा. आता शॉर्ट असला तरी बल्बच सगळा भार घेईल, वायर जळणार नाही. इंडिकेटरचे बल्ब काढून ठेवा आणि लिव्हर एकेका बाजूला टाका. ज्या बाजूला बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, ती बाजू दोषी. मग त्या बाजूचे कपलर एकेक करून काढत जा. ज्या क्षणी बल्ब मंदावतो किंवा विझतो, त्या कपलरच्या पुढे शॉर्ट आहे. या वेळी फ्लॅशर नीट टिकटिक करणार नाही, तिकडे लक्ष देऊ नका.

सापडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. एक, जिथे डिकीचा दरवाजा उघडतो तिथली वायरची जुडी. वायर बारा-पंधरा वर्षं वाकून वाकून चिरते. दोन, बाहेरून बसवलेल्या वस्तू: रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प, सेंट्रल लॉकिंग, ज्यांनी इंडिकेटरच्या वायरवर डल्ला मारलाय. आणि तीन, उंदीर. सोसायटीत कचऱ्याच्या डब्यांजवळ गाडी लावणाऱ्यांनी बॉनेटखाली आणि डिकीच्या अस्तरामागे आधी लेंड्या शोधाव्यात, मग मीटर हातात घ्यावा.

फ्लॅशर

ज्या गाड्यांत तो सुटा आहे तिथे तो डॅशबोर्डखाली किंवा फ्यूज बॉक्समध्ये असतो. इंडिकेटर लावा आणि टिकटिक कुठून येते ते बोटांनी चाचपडा. हातात थरथर लागते. साधारण तीन पिना: बी म्हणजे आलेला करंट, एल म्हणजे दिव्यांकडे जाणारा, ई म्हणजे अर्थ. काही कंपन्या याच पिनांना ४९, ४९-ए आणि ३१ असे आकडे देतात. फ्लॅशर सॉकेटमधून काढा. इग्निशन ऑन ठेवून बी वर टेस्ट लॅम्प पेटायला हवा. मग वायरच्या तुकड्याने बी आणि एल जोडा आणि लिव्हर टाका. दिवे न लुकलुकता सरळ पेटले तर बाकी सगळं ठीक आहे, फ्लॅशरच गेला. पेटलेच नाहीत तर नवा फ्लॅशर आणूनही काही होणार नाही.

हा प्रयोग फक्त सुट्या फ्लॅशरच्या गाड्यांत. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत फ्लॅशर नावाची वस्तूच नाही. बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे बीसीएम दिवे लुकलुकवतो आणि टिकटिकचा आवाज मीटर कन्सोलमधल्या छोट्या स्पीकरमधून येतो. तिथे वायर जोडून बघायला जाल तर बीसीएम गमावाल, आणि तो फार महाग पडतो. अशा गाडीत बल्ब, होल्डर, अर्थ आणि फ्यूज एवढं स्वतः तपासा. पुढे बिघाड वाचणारा स्कॅनर लागतो.

लिव्हर

लिव्हर हलवली, थोडी दाबून धरली की दिवा येतो-जातो, तर आतले संपर्क झिजलेत किंवा त्यात धूळ-ग्रीस साचलंय. स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून स्विचच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, लिव्हर वीस-पंचवीस वेळा हलवा. बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षं निघतात. वळण झाल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नसेल तर तो विजेचा नाही, प्लॅस्टिकच्या खटक्याचा दोष आहे. त्याला स्विच बदलणं हाच उपाय.

एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंग काढायला स्वतः जाऊ नका. काही स्विच स्टिअरिंग न काढता बाजूने सरकून निघतात, तेवढं चालेल. तेही बॅटरीचा निगेटिव्ह काढून, काही मिनिटं थांबून.

एलईडी लावलेत?

एलईडी बल्ब फारच थोडा करंट खातो. फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला, म्हणून टिकटिक पळते. यावर दुकानात ५० वॅटचा, ६ ओहमचा सोनेरी रेझिस्टर प्रत्येक दिव्याला लावून देतात. १२ व्होल्टवर त्यातून २ अँपिअर जातात आणि २४ वॅटची उष्णता निघते. रेझिस्टर हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि मी तो प्लॅस्टिकच्या बंपरला टेपने चिकटवलेला पाहिला आहे. लावायचाच तर पत्र्यावर स्क्रूने बसवा, वायरपासून दूर. सुटा फ्लॅशर असेल तर एलईडीसाठीचा फ्लॅशर घेणं जास्त शहाणपणाचं, तो करंट बघून वेग बदलत नाही. पण मग बल्ब गेल्याची सूचनाही मिळत नाही. साध्या बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा उजेडही नीट पसरत नाही. मला स्वतःला या उपद्व्यापात काही हशील दिसत नाही.

कंपनीतूनच एलईडी असलेल्या दिव्याचा काही भाग बंद पडला तर बहुतेक वेळा पूर्ण दिवाच बदलावा लागतो. तत्पूर्वी कपलर आणि अर्थ मात्र जरूर बघा.

वायर जोडताना

तारा पिळून वर काळी टेप, ही जोडणी मुंबईत एक उन्हाळा टिकते. उन्हात टेपचा चिक्कट रस होतो, पावसात पाणी आत जातं. सोल्डर करा किंवा क्रिंप करा (धातूच्या नळीत घालून दाबा) आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह, आतून गोंद असलेली मिळाली तर उत्तम. स्लीव्ह जोडणीआधी वायरमध्ये ओवायला विसरू नका. वायर आधीइतक्याच जाडीची घ्या. इंडिकेटरला एक चौरस मिलिमीटरची पुरते. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापूच नका.

तोवर गाडी चालवायची असेल तर

उजवा हात बाहेर काढून वळण दाखवता येतं, पण पावसात आणि काचा वर असताना ते कुणाला दिसत नाही, तेव्हा लेन बदलणं टाळा. आणि इंडिकेटर धड असूनही भर पावसात ईस्टर्न फ्रीवेवर हॅझर्ड लावून चालवणाऱ्यांना एक सांगायचंय: बहुतेक गाड्यांत हॅझर्ड चालू असताना लिव्हर टाकली तरी काही फरक पडत नाही. मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळतच नाही. हेडलाइट लावा, हॅझर्ड गाडी बंद पडल्यावर.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

इंजिन सुरू करा. हेडलाइट, वायपर, ब्रेक आणि इंडिकेटर सगळं एकदम लावा. कमकुवत अर्थ या गर्दीतच उघडा पडतो. घड्याळ लावून लुकलुक मोजा, मिनिटाला ६० ते १२० च्या दरम्यान आणि दोन्ही बाजूंना सारखी हवी. मग बाटलीने दिव्यावरून पाणी ओता, पाचेक मिनिटांनी पुन्हा लावून बघा. डिकी दोन-तीनदा जोरात आपटून बघा.

यानंतरही जमलं नाही आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जायची वेळ आली, तर "इंडिकेटर चालत नाही" एवढंच सांगू नका. "मागे डावीकडे अर्थला दीड व्होल्ट ड्रॉप येतोय, बल्ब आणि फ्यूज तपासलेत, हॅझर्डवरही तसंच आहे," असं सांगा. तो तुमच्याकडे नीट बघेल आणि फ्लॅशरचं नाव निघणार नाही. काही बदललंच तर जुना भाग मागून घ्या, आणि टेस्ट लॅम्प लावून तो तिथल्या तिथे दाखवायला सांगा.